माया भरपूर आहे, पदे भरा

१२ मे जवळ आला की परिचर्या महाविद्यालयांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, मुलींच्या हातात दिवे, शपथ, आणि मग बाहेरून बोलावलेल्या पाहुण्यांचे भाषण. पूर्वी भाषणाचा विषय ‘सेवा आणि त्याग’ असायचा. अलीकडे तो ‘हृदयातून नेतृत्व’ असा झाला आहे. अशाच एका कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसले होते. पाहुण्या समोरच्या शिक्षिकांना सांगत होत्या, की पदाच्या मागे लागू नका, माणसे जोडा. डोके बाजूला ठेवून हृदयाने संस्था चालवायला शिका. तुम्ही मनापासून देत राहिलात की मोठी जबाबदारी आपोआप चालत येईल. टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारच्या तरुण शिक्षिकेनेही टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा मांडीवरच्या वहीत मान घातली. ती दुसऱ्या वर्षाचे अंतर्गत गुण भरत होती. होम सिस्टर दीर्घ रजेवर गेल्यापासून वसतिगृह तिच्याकडे होते. विद्यार्थी संघटनेचे काम तिच्याकडे होते. दोन विषय आणि तीन वॉर्डांचे क्लिनिकल तिच्याकडे होते. नेमणूक अकरा महिन्यांची, आणि अशी ती सहावी. मोठी जबाबदारी तिच्याकडे केव्हाच चालत आली होती. तिच्याबरोबर यायला हवे ते दुसरे काहीच आले नव्हते.

मी आधी वॉर्डात अधिपरिचारिका होते, मग निवृत्त होईपर्यंत पाठ्यनिर्देशिका. म्हणून या सल्ल्याला उत्तर देणे मला माझे काम वाटते. तो वाईट हेतूने दिला जातो असे मी म्हणत नाही. पण ज्या बायकांना तो दिला जातो त्यांच्यात माया कमी पडते आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे खरे नाही. परिचर्येच्या शिक्षणात आज तुटवडा आहे तो भरलेल्या पदांचा आणि लेखी अधिकारांचा. मायेवर तर सगळा गाडा चालला आहे.

साधा हिशेब करू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. बी.एस्सी. नर्सिंगला वर्षाला ६० जागा धरल्या तर चार वर्षांचे २४० विद्यार्थी होतात, म्हणजे २४ शिक्षक हवेत. कागदावर ते असतात. इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात हजेरीपटावर उमटणाऱ्या, वर्षभरात कधी न दिसलेल्या नावांच्या सह्या मी पाहिल्या आहेत. मध्य प्रदेशात तर हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने शेकडो नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली आणि २०२४ मध्ये त्या तपासणीतलेच काही अधिकारी अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. ज्या शिक्षणावर उद्याच्या रुग्णांचा जीव अवलंबून आहे, त्याची ही अवस्था. कागदावरचे शिक्षक वर्गात येत नाहीत, पण मुली तर खऱ्या असतात. मग त्यांना शिकवते कोण? जी हजर आहे ती, आपल्या वाट्याचे शिकवून झाल्यावर.

हजर असलेली शिक्षिका तीस मुली घेऊन वॉर्डात जाते तेव्हा काय होते, हे भाषण करणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. पहिल्यांदा राइल्स ट्यूब घालणाऱ्या मुलीच्या शेजारी उभे राहावे लागते. नळी जठरात गेली की श्वासनलिकेकडे वळली, हे तिला अजून हाताला कळत नसते. रुग्ण खोकला, त्याचा चेहरा निळसर झाला, तर नळी लगेच काढायची हे पुस्तकात वाचलेले असते. हातात यायला शेजारी कुणीतरी लागते. ती दहा मिनिटे शिक्षिका तिथे असते आणि उरलेल्या २९ जणी दोन मजल्यांवर तीन वॉर्डांत एकट्या असतात. तिचे हृदय कितीही मोठे असो, ती दोन खाटांपाशी एकाच वेळी उभी राहू शकत नाही. दुसऱ्या खाटेपाशी दुसरी शिक्षिकाच लागते, आणि तिच्यासाठी मंजूर पद लागते.

हृदयवाद्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, परिचर्येच्या शिक्षणात कठोरपणा फार आहे. वरिष्ठ सिस्टर नव्या मुलींना टाकून बोलतात, ट्यूटर रुग्णांसमोर अपमान करतात, शिक्षा म्हणून जादा ड्युटी लावतात; म्हणून मायेने वागणारे नेतृत्व हवे. हे खरे आहे. मी विद्यार्थिनी असताना हे सोसले आहे आणि शिक्षिका असताना यातले काही केलेही आहे. एकदा एका मुलीने ऑपरेशन होऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या खाटेचा कठडा खालीच ठेवला होता. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर असे बोलले, की ती आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हती. मी चुकले. तिची माफी मागितली, पण ती मागायला मला फार दिवस लागले.

आता मागे वळून पाहताना मला दिसते, की त्या दिवशी माझी माया आटली नव्हती. त्या दिवशी रजेवर गेलेल्या दोघींचे काम माझ्याकडे होते आणि सकाळपासून मी बसले नव्हते. थकलेल्या माणसाला ‘प्रेमाने वाग’ म्हणून सांगितल्याने थकवा जात नाही. त्यात फक्त अपराधीपणाची भर पडते. सगळा कठोरपणा थकव्यातून येतो असेही नाही, हे मी मान्य करते. काही कठोरपणा वारशाने आलेला असतो, आणि काहींना तो आवडतोही. पण त्यावरचा उपाय तरी हृदय कसा? शिक्षेची ड्युटी लावता येणार नाही असा लेखी नियम, मुलीला निर्भयपणे जाता येईल अशी तक्रार समिती, आणि त्या समितीत महाविद्यालयाबाहेरचे एक माणूस, हा तो उपाय. प्रेमळ प्राचार्या निवृत्त होते. तिच्या जागी कोण येईल हे मुलींच्या नशिबावर सोडायचे का?

हे मी नाइटिंगेलकडूनच शिकले, तिच्या तसबिरीकडून नव्हे. तिच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा गाभा असा, की तुम्ही हजर असताना जे होते ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावता आली नाही, तर तुमची सगळी शुश्रूषा वाया जाऊ शकते. याच पुस्तकात तिने, जगात दुसरे काही जमत नाही किंवा प्रेमात निराशा झाली म्हणून बाई चांगली परिचारिका होते, या समजुतीचा कडक समाचार घेतला आहे. आपण मात्र तिचा फक्त दिवा उचलला. १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाली, हे प्रत्येक मुलीला पाठ असते. त्या क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिने आकृत्या काढून सरकारपुढे मांडले आणि १८५८ मध्ये ती लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री सदस्य झाली, हे किती जणींना सांगितले जाते? १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिची शाळा उघडली ती लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर, आणि परिचारिका मेट्रनच्या, म्हणजे परिचारिकेच्याच, अधिकाराखाली राहतील हा आग्रह धरून. पैसा आणि अधिकार आधी, दिवा नंतर.

नाइटिंगेल सगळीकडे बरोबर होती असेही नाही, आणि तिची चूक इथे फार उपयोगी आहे. एथेल बेडफोर्ड फेनविक आणि तिच्या सहकारिणींनी परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून लढा उभारला, तेव्हा नाइटिंगेल विरोधात उभी राहिली. चांगल्या परिचारिकेचे शील परीक्षेने आणि नोंदवहीने मोजता येणार नाही, असे तिला वाटत होते. म्हणजे आजच्या हृदयवाद्यांचा मुद्दा तिनेच तेव्हा मांडला होता. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ मध्ये झाला, तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. आज आपल्याकडे कोणतीही मुलगी परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगून अभिमानाने नोकरीला उभी राहते, ती त्या लढ्यामुळे. शीलाची नोंद होत नाही हे खरेच आहे. पण नोंद नसली की शिकलेली आणि न शिकलेली यांच्यात फरक उरत नाही, आणि पगार न शिकलेलीचा ठरतो.

आपल्याकडेही ज्यांनी ही वाट पाडली त्यांनी नुसता उपदेश केला नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणारे काम म्हणून चांगल्या घरांत परिचर्येकडे तुच्छतेने पाहिले जात होते, त्या काळात त्यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण घ्यायला उभे केले. करुणा तर त्या बायकांच्या घराघरांत होती. घराबाहेर पडायला त्यांना शिक्षणाची सोय, राहायला जागा आणि पाठीशी उभी असलेली संस्था लागली.

मायेची सर्वांत मोठी गोष्ट म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे नाव घेतले जाते. अरुणा शानबाग तिथल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली ४१ वर्षे आणि काही महिने केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना कधी चालताना पाहिले नव्हते अशा मुलींनी त्यांना भरवले. त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, याची दखल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. भाषणांत हे सांगितले की सभागृहात डोळे पुसले जातात. माझेही भरून येतात.

पण मी फंडामेंटल्स शिकवलेली बाई आहे. बेडसोअर न होणे म्हणजे काय, हे मला माहीत आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटले तर दिवसाला बारा वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. पाठीची निगा, चादरीला सुरकुती नको, कातडी कोरडी, टाचांखाली आधार, भरवताना मान कशी धरायची. हे प्रत्येक पाळीत, ओव्हर देताना पुढच्या सिस्टरला सांगून, लिहून, सणावारीही. यातली एकही गोष्ट उत्स्फूर्त नाही. प्रत्येक गोष्ट पहिल्या वर्षाला कुणीतरी शिकवलेली आहे, चुकल्यावर पुन्हा करून घेतलेली आहे. त्या वॉर्डात माया होतीच, आणि ती ड्युटीच्या तक्त्यात बसवलेली होती म्हणून चार दशके टिकली.

या गोष्टीचा दुसरा भाग भाषणांत येत नाही. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, सुरक्षितता आणि कामाची बरी परिस्थिती मागत. पुढे अरुणाताईंना तिथून हलवण्याची हालचाल झाली तेव्हाही त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि ती हालचाल थांबली. ज्या बायकांनी भरवले त्यांनीच संप केला. तेव्हा त्यांना कुणी सांगितले असते, की हृदयाने काम करा, मागण्या करू नका, तर अरुणाताईंची खाट त्या वॉर्डात राहिली असती का?

पुरेशा परिचारिकांनी आणि त्यांच्या शिक्षणाने जीव वाचतात, हे आता मोजूनही झाले आहे. लिंडा एकेन यांच्या गटाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असले, की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. नर्सिंगच्या शिक्षिकेने हे आकडे घेऊन व्यवस्थापनासमोर बसावे. तिला असा सल्ला कुणी देत नाही. तिला ध्यान करायला सांगतात.

हृदयाच्या भाषेचे ओझे शेवटी विद्यार्थिनींवर जाऊन पडते, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचा आहे. रुग्णालयात अधिपरिचारिकांची पदे रिकामी असतात. मग क्लिनिकल पोस्टिंगच्या मुली तिथे फुकटचे हात म्हणून वापरल्या जातात. केस स्टडी करायला पाठवलेली मुलगी सकाळभर बीपी मोजत, नमुने लॅबमध्ये पोचवत, औषधे आणत फिरते. तिने किंवा तिच्या शिक्षिकेने तक्रार केली, की उत्तर तयार असते: रुग्णांची गरज आहे, तुम्हाला काही वाटत नाही का? वाटते म्हणून ती पळत असते. जी शिक्षिका ‘माझ्या मुली इथे शिकायला आल्या आहेत, मास्टर रोटेशन प्लॅनप्रमाणेच त्या काम करतील’ असे ठामपणे सांगते, तिला कोरडी म्हणतात. माझ्या मते त्या वॉर्डात मुलींसाठी सर्वांत जास्त माया तिच्याकडेच असते.

आता राहिला ‘पदाच्या मागे लागू नका’ हा सल्ला. हा स्त्रियांनाच का दिला जातो? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरच्या पदांवर फक्त २५ टक्के. परिचर्येत तर दहांतल्या नऊ स्त्रिया. आणि तरीही, बायकांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांत शिरलेले पुरुष वर लवकर चढतात, हे समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्येच दाखवले होते. त्या पुरुषांचा दोष नाही. नर्सिंगमध्ये आलेले माझे कितीतरी विद्यार्थी उत्तम परिचारक आहेत. पण त्यांना कधी कुणी सांगितले नाही, की पद मागू नकोस, हृदयाने देत राहा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण आपल्याच घरात तयार झाली आहे. ती मुलींना सांगायची राहून गेली.

मागितल्याने मिळते का? २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले. त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २० हजारांच्या खाली पगार नको आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, असे सुचवले. केरळात २०१७ मध्ये परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने २० हजार रुपये किमान वेतनाची अधिसूचना काढली. त्या मुलींना आपल्या रुग्णांची काळजी नव्हती, असे कोण म्हणेल?

म्हणून माझ्याकडे कुणी शिक्षिका सल्ल्याला आली तर मी असे सांगते. नेमणुकीच्या पत्रात पदनाम काय लिहिले आहे ते आधी वाच. ‘ट्यूटर’ आणि ‘सहायक प्राध्यापक’ यांत पुढच्या सगळ्या बढत्यांचा फरक आहे. अनुभवाचा दाखला नोकरी सोडताना मागत बसू नकोस, दरवर्षी घे. एम.एस्सी. नंतरची वर्षे वेगळी मोजली जातात. पीएच.डी.साठी रजा माग आणि नकार आला तर तो लेखी माग. जादा चार्ज दिला तर आदेश माग, त्यावर तारीख आणि मुदत हवी. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक पाहायला शीक. मॅनिकिनला पैसे नाहीत म्हणतात तेव्हा कशाला होते ते विचार. मुलींशी प्रेमाने वाग, पण एकीलाही परीक्षेत खोटी प्रोसिजर लिहून देऊ नकोस. आणि थकलीस तर थकले म्हण.

हे सगळे रुक्ष आहे, मला कबूल आहे. सभागृहात यावर टाळ्या पडणार नाहीत.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी मी त्या तरुण शिक्षिकेला विचारले, वसतिगृहाचा चार्ज तुला कुणी दिला? ती म्हणाली, “मॅडम, तोंडीच. म्हणाल्या, तुमचं मुलींवर प्रेम आहे, तुम्हीच करा.” मी तिला एवढेच म्हटले, की हे त्यांना कागदावर द्यायला सांग. तिला अवघड वाटले. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तिने अर्ज लिहिला होता: वसतिगृहाचा अतिरिक्त कार्यभार कोणत्या तारखेपासून, किती काळासाठी आणि कोणत्या भत्त्यावर, याचा आदेश मिळावा. कार्यालयात कारकून अर्ज ठेवून घेत होता, पोच देत नव्हता. ती तिथेच उभी राहिली. शेवटी त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला.

उत्तर अजून आलेले नाही. दुसरा अर्ज कसा लिहायचा, हे विचारायला ती रविवारी माझ्याकडे येणार आहे.